इम्पोर्ट केला की लेबले वाढतात, फोटो घटतात: क्लाउडमधला डेटासेट ताळ्यावर आणताना

केळीच्या पानांचे फोटो रावेर, यावल, चोपड्याहून येतात. कपाशीचे शिरपूर, शहाद्याहून. काढणारे कोणी कृषी महाविद्यालयातले विद्यार्थी, कोणी शेतकरी गटातले. फोटो क्लाउडच्या बकेटमध्ये, म्हणजे तिथल्या साठवणीच्या डब्यात, चढतात, प्रत्येकाला रोगाच्या नावाचे लेबल लागते, फोटोचा पत्ता आणि लेबल यांची यादी असलेली सीएसव्ही फाइल तयार होते. आणि ती फोटोवरून रोग ओळखणारे मॉडेल शिकवणाऱ्या यंत्रणेला दिली, म्हणजे इम्पोर्ट केला, की दर खेपेला तेच रडगाणे. लेबले पाच हवीत तिथे नऊ दिसतात, चार हजार फोटोंपैकी तीन-चारशे गायब असतात, आणि ‘काही फाइली वाचता आल्या नाहीत’ एवढा एकच मोघम संदेश हाती राहतो. त्या खेपेपुरते हाताने दुरुस्त करायचे, की पुढच्या खेपेला नव्याने सुरू.

हे दर खेपेला होते, कारण बिघाड एक नसतो, सात-आठ असतात, आणि त्यांतले निम्मे क्लाउडमध्ये पोहोचण्याआधीच, म्हणजे फोनमध्ये आणि एक्सेलमध्ये झालेले असतात. खालची माहिती गुगल क्लाउड स्टोरेज आणि ॲमेझॉन एस३ या दोन्हींना लागू आहे. जिथे फरक आहे तिथे तसे लिहिले आहे. फाइलींची नावे वाचायला सोपी जावीत म्हणून इथे देवनागरीत दिली आहेत. बकेटमध्ये मात्र नावे लहान रोमन अक्षरांतच ठेवायची. का, ते पुढे येईलच.

आधी तीन आकडे मांडा

संदेश वाचत बसण्याआधी कागदावर तीन आकडे लिहा: फोन-लॅपटॉपवर मुळात किती फोटो होते, बकेटच्या यादीत किती आहेत, आणि सीएसव्हीत वेगवेगळे पत्ते किती आहेत. नुसत्या ओळी मोजू नका. एकच पत्ता दोनदा आला असेल तर ओळींचा आकडा फसवतो.

पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात तूट असेल तर फोटोवर फोटो चढला आहे किंवा काही चढायचे राहिले आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्यात असेल तर काही लेबले लागायची राहिली आहेत किंवा यादी काढणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, चुकते आहे. तिन्ही जुळतात आणि तरी इम्पोर्टमध्ये तूट येते, तर पत्त्याचे स्पेलिंग, फाइलचा प्रकार किंवा परवानगी, यांतले काहीतरी.

स्क्रिप्टची सगळ्यात नेहमीची चूक लगेच ओळखू येते: सीएसव्हीत बरोबर १,००० ओळी. एस३ आणि गुगल दोघांचीही यादी एका पानात जास्तीत जास्त १,००० नावे देते आणि ‘पुढचे पान आहे’ अशी एक खूण सोबत पाठवते. ती खूण पाहून पुढचे पान मागितले नाही तर उरलेले फोटो स्क्रिप्टच्या लेखी अस्तित्वातच नसतात. पायथॉनमध्ये एस३साठी ‘पेजिनेटर’ वापरला की हा प्रश्न मिटतो. गुगलची पायथॉन लायब्ररी पाने स्वतःच उलटते, पण थेट एपीआयला, म्हणजे क्लाउडच्या प्रोग्रामांसाठीच्या दाराला, हाक मारत असाल तर तिथेही हेच.

उलटेही घडते: यादीत फोटोंपेक्षा दहा-बारा नावे जास्त. ही बहुधा शून्य बाइटची ‘फोल्डरे’ असतात. साध्या बकेटमध्ये खरी फोल्डरे नसतातच. फाइलचे नाव ही एकच लांब ओळ असते आणि तिच्यातल्या तिरप्या रेघा पाहून पडद्यावर फोल्डरासारखे चित्र काढले जाते. एसटीच्या पाटीवर ‘जळगाव-भुसावळ-सावदा-रावेर’ लिहिले असले तरी पाटी एकच, तसे हे. पण ब्राउझरमधून ‘नवे फोल्डर’ बटण दाबले की तिरप्या रेघेने संपणारी एक रिकामी फाइल तयार होते. स्क्रिप्टने ती उचलून सीएसव्हीत घातली की इम्पोर्ट म्हणते, चित्र वाचता येत नाही. रेघेने संपणारे नाव आणि शून्य बाइटची फाइल, दोन्ही गाळा. लॅपटॉपवरून अख्खे फोल्डर चढवले असेल तर विंडोजची ‘थंब्स डॉट डीबी’ आणि मॅकची ‘डॉट डीएस स्टोअर’ याही गाळा.

लेबले का वाढतात

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि मराठीत लेबले लावणाऱ्यांचा तर दुप्पट जातो.

साधे कारण आधी. ‘करपा’ आणि शेवटी एक स्पेस असलेले ‘करपा ’ ही यंत्रणेच्या लेखी दोन लेबले. व्हॉट्सॲपवरून किंवा वेबपानावरून कॉपी केलेल्या शब्दामागे कधी न तुटणारी स्पेस येते, तिचा युनिकोडमधला, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतला, क्रमांक यू+००ए०. एक्सेलचे ‘ट्रिम’ ती काढत नाही. पायथॉनचे ‘स्ट्रिप’ काढते. विंडोजवर बनवलेल्या सीएसव्हीत ओळीच्या शेवटी दोन चिन्हे असतात; स्क्रिप्टने त्यांतले एकच काढले तर दुसरे शेवटच्या रकान्याला, म्हणजे नेमके लेबलाला, चिकटून राहते.

आता खरा त्रास. ‘पांढऱ्या माशीचे पान’ हे लेबल तीन जणांनी तीन कीबोर्डांवर टाइप केले आणि इम्पोर्टनंतर यादीत ते तीनदा आले, प्रत्येकी वेगळ्या संख्येने. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखी. फरक आहे तो ‘ऱ्या’ मध्ये. एकाच्या कीबोर्डने ‘ऱ’ हे एकच चिन्ह दिले, क्रमांक यू+०९३१. दुसऱ्याने साधा ‘र’ देऊन त्याखाली नुक्ता दिला, म्हणजे दोन चिन्हे. तिसऱ्याने ‘र’, हलन्त आणि मग अदृश्य जोडचिन्ह, यू+२००डी. डोळ्यांना एक शब्द, संगणकाला तीन.

पायथॉनच्या ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधल्या ‘नॉर्मलाइझ’ला ‘एनएफसी’ हा पर्याय देऊन लेबल त्यातून काढले की दुसरा प्रकार पहिल्यात मिसळतो. तिसरा मिसळत नाही. त्यासाठी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ दिसले की ‘ऱ, हलन्त’ करायचे, असा नियम स्वतः लिहावा लागतो. ‘ॲन्थ्रॅक्नोज’चा ‘ॲ’ असाच दगा देतो. कुठे तो एकसंध यू+०९७२ असतो, कुठे ‘अ’ वर चंद्र दिलेला. आणि एनएफसी या दोघांना एक मानत नाही. त्याचाही बदल हातानेच. संशय आला की लेबल पायथॉनच्या ‘ॲस्की’ फंक्शनमधून छापून पाहा, प्रत्येक अक्षराचा क्रमांक उघडा पडतो.

तिसरे कारण माणसांचे. रावेर-यावलकडे घरात लेवा गणबोली, धुळे-नंदुरबारकडे अहिराणी. रोगाला प्रत्येक जण आपल्या तोंडचे नाव देतो. कोणी ‘करपा’ लिहितो, कोणी ‘सिगाटोका’. कोणी ‘हरण्या’, कोणी ‘सीएमव्ही’, कोणी नुसते ‘व्हायरस’. कपाशीत ‘लाल्या’ आणि ‘पाने लाल पडली’ वेगळी मोजली जातात. इथे युनिकोड कामाचा नाही, एकदा बसून यादी ठरवावी लागते.

तिन्हींवर इलाज एकच: सीएसव्हीत मराठी लेबल घालूच नका. कोड घाला. करप्याला ‘के०१’, हरण्याला ‘के०२’, पर्णगुच्छाला ‘के०३’, निरोगीला ‘के००’. रोमन लहान अक्षर आणि दोन अंक. नुसता अंक ठेवू नका, एक्सेल ‘०१’चा ‘१’ करून टाकते. कोड आणि त्याचे मराठी नाव यांची एक वेगळी छोटी शीट ठेवा. शेतकऱ्याला ॲपमध्ये ‘हरण्या’च दिसेल, बकेटमध्ये आणि सीएसव्हीत ‘के०२’. फायदा आणखी एक: बऱ्याच इम्पोर्ट यंत्रणा लेबलात रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढेच मानतात, ती अट आपोआप पाळली जाते.

लेबल लावणाऱ्यांच्या शीटमध्ये त्या रकान्याला ड्रॉपडाउन लावा आणि यादीबाहेरचे नाकारण्याचा पर्याय निवडा. पण ड्रॉपडाउनवर विसंबून राहू नका. दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केले की हे बंधन निसटते, आणि लेबल लावणारे कंटाळले की पेस्टच करतात. म्हणून सीएसव्ही बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पुन्हा तपासा: कोड यादीत नसेल तर ओळ टाकू नये, ओळीचा क्रमांक छापून तिथेच थांबावे. चुकीची ओळ गुपचूप गाळून पुढे जाणारी स्क्रिप्ट सगळ्यात वाईट.

फोटो का घटतात

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो फोनमध्ये ‘आयएमजी-२०२४०८१२-डब्ल्यूए०००१’ अशा नावाने साठतो. तारीख आणि त्या दिवसाचा अनुक्रमांक. म्हणजे त्याच दिवशी दुसऱ्या फोनवर आलेल्या पहिल्या फोटोचेही नाव हेच. दोघांनी एकाच फोल्डरात चढवले की दुसरा पहिल्याच्या जागी बसतो, आणि क्लाउड विचारतही नाही. दहा जण रोज पंधरा फोटो पाठवत असतील तर दीडशेऐवजी पंधरा उरण्याचीही वेळ येऊ शकते.

तसेही व्हॉट्सॲपच्या साध्या फोटोवाटे मूळ चित्र येत नाही. ते दाबून लहान केलेले असते आणि तारीख, ठिकाण, कॅमेऱ्याची दिशा ही आतली नोंद पुसलेली असते. करप्याच्या सुरुवातीच्या बारीक रेषा या दाबण्यातच बुजतात. व्हॉट्सॲपच वापरायचे असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, मूळ फाइल तशीच येते. आणि चढवताना ‘असलेल्यावर लिहू नको’ हा पर्याय द्या. गुगलच्या कमांडमध्ये तो ‘नो-क्लॉबर’ या नावाने आहे.

दुसरी गळती गट नंबरांतून होते. फाइलच्या नावात शेताचा गट नंबर घालायची कल्पना सगळ्यांना सुचते. पण हिस्से पडलेले गट ‘११/२’ असे लिहिले जातात. एक्सेलच्या रकान्यात ‘११/२’ टाकले की ते ११ फेब्रुवारी होऊन बसते. मग शीटमधल्या त्या ओळीला कुठलाच फोटो सापडत नाही. आणि नावात ‘११/२’ तसेच राहिले तर ती तिरपी रेघ क्लाउडला फोल्डराची वाटते: ‘११’ नावाचे फोल्डर, त्यात ‘२’ने सुरू होणारी फाइल. एकाच नंबराने दोन्हीकडे घोळ. शिवाय गट नंबर म्हणजे सातबारा, म्हणजे शेतकऱ्याची ओळख. बकेट चुकून सार्वजनिक झाली तर कोणाच्या बागेत रोग आहे हे जगजाहीर. तेव्हा प्रत्येक बागेला ‘शे०४१’ असा आपला कोड द्या आणि कोड-गट नंबराची जोडी या बकेटबाहेर ठेवा. त्या रकान्याचा प्रकार आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवलेला बरा.

तिसरी, आयफोनचे फोटो. मूळ सेटिंगमध्ये ते ‘एचईआयसी’ प्रकारात साठतात आणि बहुतेक इम्पोर्ट यंत्रणा तो प्रकार घेत नाहीत. मॉडेल शिकवण्याच्या ‘केरास’ या पायथॉन लायब्ररीचे फोल्डरातून वाचणारे फंक्शन जेपीईजी, पीएनजी, बीएमपी आणि जीआयएफ एवढेच मानते. बाकीचे मोजतच नाही आणि तक्रारही करत नाही. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडायला लावा. आणि कोणी नुसते शेपूट, म्हणजे नावाच्या शेवटी लिहिलेला प्रकार, बदलून ‘जेपीजी’ केले असेल तर तोही पकडला पाहिजे, म्हणून शेपटावर न जाता फाइलचे पहिले बाइट पाहा. खरा जेपीईजी एफएफ-डी८-एफएफ ने सुरू होतो, पीएनजी ८९-५०-४ई-४७ ने. वेबपीची सुरुवात ‘आरआयएफएफ’ या चार अक्षरांनी होते. खरा जेपीईजी साधारणतः एफएफ-डी९ वर संपतो. तो शेवट नसेल तर फाइल अर्धवट असण्याचा दाट संशय धरा आणि उघडून पाहा.

अर्धवट फाइल दिसली की लोक नेटवर्कवर खापर फोडतात. चढवताना वीज गेली, रेंज गेली, तरी या दोन्ही क्लाउडांत अर्धवट फाइल उरत नाही. फाइल पूर्ण चढते किंवा दिसतच नाही. बकेटमधली फाइल अर्धवट असेल तर ती अर्धवटच चढवली आहे. मेमरी कार्डावरून कॉपी होताना कार्ड काढले, किंवा डाउनलोड पूर्ण होण्याआधी उचलली. रेंज गेल्याने राहून गेलेल्या फाइलींसाठी फोल्डर आणि बकेट जुळवणारी ‘आरसिंक’ कमांड (एस३मध्ये ‘सिंक’) पुन्हा चालवा, चढलेल्या सोडून बाकीच्याच जातात. फक्त त्याला ‘इथे नसलेले तिथून पुस’ हा पर्याय कधीही लावू नका. फोनची जागा मोकळी करायला कोणी गॅलरी रिकामी केली की पुढच्या आरसिंकला क्लाउडही रिकामे होईल. लावायचाच असेल तर आधी ‘ड्राय-रन’ करून काय पुसले जाणार ते वाचा.

पत्ता सापडत नाही

क्लाउडमध्ये मोठे रोमन अक्षर वेगळे आणि लहान वेगळे. लॅपटॉपवरच्या विंडोजला हा फरक पडत नाही, म्हणून तिथे सगळे चालते आणि बकेटमध्ये अडते. काही कॅमेरे शेपूट मोठ्या अक्षरांत लिहितात, सीएसव्हीत ते लहान अक्षरांत टाइप केले जाते, आणि त्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो ‘सापडले नाहीत’. पत्ते हाताने टाइप करू नयेत. बकेटच्या यादीतून काढलेला पत्ताच सीएसव्हीत जावा.

अंकांचा घोळ त्याहून चकवा देणारा. मराठी कीबोर्डवरून नाव टाइप केले की अंक देवनागरी पडतात, इंग्रजी कीबोर्डवरून इंग्रजी. पायथॉनचे ‘इंट’ देवनागरी अंकही निमूट वाचते, त्यामुळे ‘अनुक्रमांक अंकच आहे ना’ ही तपासणी पास होते. पण नावाशी नाव जुळवायला गेले की जुळत नाही. तपासणी ‘अंक आहे का’ अशी नको, ‘इंग्रजी ० ते ९ यांपैकीच आहे का’ अशी हवी.

नावात देवनागरी चालते का? चालते. दोन्ही क्लाउडांत नाव युनिकोडमध्ये १,०२४ बाइटपर्यंत असू शकते. पण देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते, आणि वेबपत्त्यात गेले की एका चिन्हाची नऊ अक्षरे होतात. लिनक्सवर उतरवताना एका नावाला २५५ बाइटची मर्यादा, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे, आणि काना-मात्रा-हलन्त वेगळे मोजून. वर सांगितलेला ‘ऱ्या’चा प्रश्न इथेही आहेच. म्हणून नावे रोमन.

फक्त पहिलीच ओळ सापडत नसेल, बाकी सगळ्या ठीक असतील, तर एक्सेल जबाबदार. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून साठवताना एक्सेल फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घालते: ईएफ-बीबी-बीएफ. ते पहिल्या पत्त्याला चिकटतात. आणि साध्या ‘सीएसव्ही’ प्रकारात साठवले तर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे. गुगल शीट्समधून उतरवलेली सीएसव्ही यूटीएफ-८ असते आणि तिला हे तीन बाइट नसतात. एक्सेलचीच फाइल आली तर पायथॉनमध्ये ‘यूटीएफ-८-सिग’ म्हणून उघडा.

परवानगीबद्दल थोडक्यात. तुम्हाला ब्राउझरमध्ये फोटो दिसतो म्हणून इम्पोर्ट यंत्रणेला दिसेलच असे नाही. ती आपल्या वेगळ्या सेवा-खात्याने, म्हणजे माणसाच्या नव्हे तर प्रोग्रामच्या खात्याने, वाचते. बकेट वेगळ्या प्रोजेक्टमध्ये असेल तर त्या खात्याला तिथे वाचण्याची भूमिका द्यावी लागते. एस३मध्ये एक गंमत आहे: खात्याला यादी पाहण्याची परवानगी नसेल तर नसलेल्या फाइलसाठीही ‘सापडले नाही’ हा ४०४ न येता ‘परवानगी नाही’ हा ४०३ येतो. परवानगीवर दोन तास घालवण्याआधी पत्त्याचे स्पेलिंग पाहा. जुन्या हंगामाचे फोटो खर्च वाचवायला एस३च्या ‘ग्लेशियर’ या स्वस्त साठवणीत टाकले असतील तर काही वर्गांत ते आधी परत मागवावे लागतात, तोवर इम्पोर्टला ते बंदच. बकेट कुठल्या प्रदेशात आहे तेही पाहा. काही यंत्रणांना बकेट आणि मॉडेल एकाच प्रदेशात लागतात, आणि बकेटचा प्रदेश नंतर बदलणे म्हणजे सगळे बिऱ्हाड हलवणे. सुरुवातीलाच मुंबई निवडली आणि मॉडेलची सेवा तिथे नसली, असे होऊ देऊ नका.

सगळे जुळते, तरी मॉडेल भलतेच सांगते

‘पायटॉर्च’ या केराससारख्याच लायब्ररीचे ‘इमेजफोल्डर’ आणि केरासचे तत्सम फंक्शन लेबले फोल्डरांच्या नावांवरून घेतात आणि नावांच्या रोमन वर्णक्रमाने ०, १, २ असे क्रमांक देतात. गेल्या हंगामात तीन फोल्डरे होती: हरण्या ०, करपा १, निरोगी २. यंदा बंची टॉप, म्हणजे पर्णगुच्छ, वाढला. त्याचे फोल्डर रोमन ‘बी’ने सुरू होते, म्हणून तो ० झाला आणि बाकी सगळे एकेक घर पुढे सरकले. मॉडेल नवे शिकवले, पण ॲपमध्ये नावांची जुनीच यादी राहिली. आता ॲप हरण्याला करपा म्हणते, करप्याला निरोगी म्हणते, आणि निरोगी पान दाखवले की चौथे नाव न सापडून बंद पडते.

शेतात याचा अर्थ काय होतो ते पाहा. करपा ही बुरशी, त्याला बुरशीनाशकाची फवारणी. हरण्या हा विषाणू, त्याला फवारून उपयोग नाही. झाड उपटून नष्ट करायचे आणि तो पसरवणाऱ्या माव्याचा बंदोबस्त करायचा. हरण्याला करपा म्हटले की फवारणीचे पैसे गेले आणि रोगट झाड बागेतच उभे. म्हणून क्रमांक वर्णक्रमावर सोडू नका. कोडच्या शीटमध्ये क्रमांकाचा रकाना ठेवा, नवे लेबल नेहमी शेवटी जोडा, आणि मॉडेलसोबत तीच यादी ॲपला द्या.

फोटोतल्या रोगट भागाभोवती बॉक्स काढलेली लेबले तिरकी पडत असतील तर कारण कॅमेऱ्याची दिशा. फोन उभा धरून काढलेल्या फोटोत चित्र अनेकदा आडवेच साठते आणि ‘फिरवून दाखवा’ अशी एक नोंद सोबत असते. लेबल लावण्याचे साधन ती नोंद मानून उभे दाखवते, तुम्ही उभ्यावर बॉक्स काढता. शिकवणारा कोड मात्र नोंद मानत नाही: पायथॉनची चित्रे हाताळणारी लायब्ररी ‘पिलो’ नुसते उघडताना मानत नाही, मॉडेल शिकवण्याच्या ‘टेन्सरफ्लो’चे जेपीईजी वाचणारे फंक्शनही नाही. बॉक्स भलत्याच जागी. लेबल लावण्याच्याही आधी, पिलोच्या ‘एक्सिफ-ट्रान्सपोझ’ने सगळे फोटो एकदाच खरे उभे करून साठवा.

आणि तिसरे: चाचणीत ९८ टक्के, बागेत निम्मे चूक. एका झाडाचे लागोपाठ काढलेले आठ फोटो. त्यांतले सहा शिकवण्यात, दोन चाचणीत गेले. मॉडेलने झाडच पाठ केले. गुगलच्या वर्टेक्स एआय या मॉडेल शिकवणाऱ्या सेवेला तुम्ही काही सांगितले नाही तर ती फोटो ८० टक्के शिकवण्याला, १० पडताळणीला, १० चाचणीला असे स्वतः वाटते, आणि फोटो कुठल्या बागेचा हे तिला माहीत नसते. सीएसव्हीत वाटणीचा रकाना स्वतः भरा आणि वाटणी बागेच्या कोडावरून करा: ‘शे०४१’चे सगळे फोटो एकाच बाजूला. केळीत मृगबाग आणि कांदेबाग (लागवडीचे दोन हंगाम), नवती आणि पिलबाग (नवी लागवड आणि जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेली बाग) दोन्ही बाजूंना येतील असेही पाहा. सगळे हरण्याचे फोटो एकाच माणसाच्या फोनवरचे असतील तर मॉडेल हरण्या शिकत नाही, तो फोन शिकते. म्हणून फाइलच्या नावात ‘फ०३’ असा फोनचा कोडही हवा.

एकच फोटो दोन लेबलांखाली असणे हेही इथलेच. लेबल बदलले म्हणून फाइल दुसऱ्या फोल्डरात कॉपी केली आणि जुनी पुसायची राहिली. शोधायला फोटो उतरवायची गरज नाही: गुगलच्या यादीत प्रत्येक फाइलचा एमडी५ किंवा निदान सीआरसी३२सी, म्हणजे आतल्या बाइटांवरून काढलेला ठसा, दिलेला असतो. समान ठसा आणि वेगळी लेबले असलेल्या ओळी काढा.

पुन्हा होऊ नये म्हणून मांडणी

फोल्डराचे नाव हे लेबल नव्हे, ही एक गोष्ट पक्की केली की वरचे निम्मे प्रश्न उगवतच नाहीत. फोटो एकदा बसला की हलवायचा नाही. लेबल बदलले तर शीटमध्ये बदलायचे. बकेटमध्ये तीन शाखा पुरतात:

मूळ/२०२४०८१२/के-रावेर-शे०४१-फ०३-०००४७.जेपीजी
काम/२०२४०८१२/के-रावेर-शे०४१-फ०३-०००४७.जेपीजी
यादी/इम्पोर्ट-२०२४०८२०-१.सीएसव्ही

‘मूळ’ला कोणी हात लावायचा नाही, लिहिण्याची परवानगी फक्त चढवणाऱ्या खात्याला. ‘काम’मध्ये उभे केलेले, आकाराने लहान केलेले फोटो, ते बिघडले तर मूळावरून पुन्हा बनतात. अनुक्रमांकाला पाच अंक ठेवा, नाहीतर यादीत १ नंतर १० आणि मग २ येतो. ‘यादी’तली सीएसव्ही कधी त्याच नावाने पुन्हा लिहायची नाही. मागच्या आठवड्याचे मॉडेल कशावर शिकले हे नाहीतर कोणालाच सांगता येत नाही.

सीएसव्ही बनवणारी स्क्रिप्ट बकेटची यादी आणि लेबलांची शीट जोडते. शीटमध्ये आहे पण बकेटमध्ये नाही, आणि बकेटमध्ये आहे पण शीटमध्ये नाही, या दोन्ही याद्या तिने वेगळ्या छापाव्यात. दुसरी यादी नेहमी लांब असते, कारण लेबले मागे पडतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पहिली यादी मात्र रिकामीच हवी. पूर्ण इम्पोर्टआधी प्रत्येक लेबलाचे दहा-दहा फोटो घेऊन छोटा इम्पोर्ट करा. पाच मिनिटांत परवानगी, पत्ता आणि लेबल तिन्ही कळतात.

आधीच बिघडलेली बकेट असेल तर तिथल्या तिथे नावे बदलत सुटू नका. साध्या बकेटमध्ये नाव बदलणे म्हणजे बहुतेकदा आतून कॉपी करून जुने पुसणेच असते, मध्येच थांबले तर अर्धे इकडे, अर्धे तिकडे. जुने नाव, नवे नाव अशी शीट बनवा, नव्या शाखेत कॉपी करा, दोन्हीकडचे सीआरसी३२सी ताडून पाहा, मगच सीएसव्ही नव्या नावांवर न्या. एक इम्पोर्ट नीट पार पडल्यावरच जुने पुसा. गुगलच्या नव्या बकेटमध्ये पुसलेले किंवा वरून लिहिलेले सहसा सात दिवस परत मिळते, तेव्हा व्हॉट्सॲपच्या नावांनी झाकले गेलेले फोटोही त्या मुदतीत शोधून काढता येतात. त्या सात दिवसांचे साठवणुकीचे भाडे मात्र लागत राहते.